विल्यम जेम्स

सर विल्यम जेम्स (जन्म : इ.स. १७२१ च्या सुमारास, मृत्यू : १६ डिसेंबर १७८३) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई येथील आरमाराचे ब्रिटिश सेनानी होते. सुवर्णदुर्गाच्या मोहिमेमुळे ते मराठ्यांच्या इतिहासात परिचित आहेत.

पूर्वायुष्य

वेल्समधील पेंब्रोकशायर परगण्यात सामान्य कुटुंबात जन्मलेले जेम्स लहानपणीच दर्यावर्दी झाले. इ.स. १७४७ मध्ये ते कंपनीच्या सेवेत दाखल झाले आणि इ.स. १७५१ मध्ये मुंबईच्या आरमाराचे प्रमुख झाले.

सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग

कान्होजी आंग्रे यांचे पुत्र तुळाजी यांनी पेशव्यांची सत्ता मानली नाही. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये इंग्रजांशी करार केला. पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव बिवलकर मोहिमेवर होते. हर्णैजवळील सुवर्णदुर्गावर जेम्स यांनी ४४ तोफांच्या 'प्रोटेक्टर' जहाजावरून मारा केला. किल्ल्यातील दारूसाठ्याचा स्फोट झाला आणि एप्रिलच्या आरंभीच किल्ला पडला. करारानुसार तो पुढे पेशव्यांना मिळाला. बाणकोट मात्र इंग्रजांकडे गेले.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर हल्ला झाला. त्यात नौदलाचे नेतृत्व चार्ल्स वॉटसन यांनी व भूसैन्याचे रॉबर्ट क्लाइव्ह यांनी केले. जेम्सही सहभागी होते. बंदरात एकत्र नांगरलेल्या आंग्र्यांच्या जहाजांना आग लागून आरमार भस्मसात झाले. तुळाजींचे उर्वरित आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

उत्तरायुष्य

इ.स. १७५९ मध्ये जेम्स इंग्लंडला परतले. पुढे ते कंपनीचे संचालक व अध्यक्ष झाले. इ.स. १७७४ पासून मृत्यूपर्यंत ते संसदेचे सदस्य होते. इ.स. १७७८ मध्ये त्यांना 'बॅरोनेट' हा किताब मिळाला.

स्मारक व मूल्यमापन

त्यांच्या पत्नी लेडी ॲन यांनी इ.स. १७८४ मध्ये लंडनजवळील शूटर्स हिल टेकडीवर त्रिकोणी आकाराचा मनोरा बांधविला. 'सेव्हर्नड्रूग कॅसल' हे त्याचे नाव म्हणजे 'सुवर्णदुर्ग' या शब्दाचा इंग्रजी अपभ्रंश होय.

इंग्लंडमध्ये हा विजय जेम्स यांच्या शौर्याची खूण ठरला. मराठ्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा होता. घरचा कलह मिटविण्यासाठी पेशव्यांनी परकीय आरमाराची मदत घेतली. त्यात मराठ्यांचे सर्वांत प्रबळ आरमार नष्ट झाले आणि पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना तोडीस तोड प्रतिस्पर्धी उरला नाही. म्हणूनच या मोहिमेचा दूरगामी लाभ पेशव्यांपेक्षा इंग्रजांनाच अधिक झाला.