फोटोतून निसटलेली माणसं

किन्हवलीच्या दोस्तांनो, ही गोष्ट १८३८ सालची. पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी खिडकीतून एका रस्त्याचा फोटो काढला. दिवसाची वेळ, घोडागाड्यांची वर्दळ, माणसांची ये-जा. आणि फोटोत? रस्ता ओस! कोपऱ्यात एक माणूस तेवढा नीट दिसतो, एक पाय उचलून उभा. तो बूट पुसून घेतोय. बाकीचे गेले कुठे?

कुठेच नाही. तेव्हा फोटो उमटायला काही मिनिटं लागायची. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर प्रकाश हळूहळू साठायचा. जो चालत राहिला, त्याचा प्रकाश एका जागी साठलाच नाही. बूट पुसून घेणारा थांबला, म्हणून उरला.

फोटोचं हे वेड आपल्याकडेही लवकर पोचलं. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. तेव्हा काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायचा. केवढी धावपळ!

समजा, तेव्हा कुणी तो कॅमेरा किन्हवलीत आणला असता. लख्ख उन्हातसुद्धा काही सेकंद तरी लागलेच असते. चिंचेचं झाड स्पष्ट. ओट्यावर बसलेले आजोबा स्पष्ट. पण माश्या हाकणाऱ्या बैलाची शेपटी गायब, आणि लगोरी खेळणाऱ्या पोरांच्या जागी नुसता धूर! त्यातून त्या काचेला निळा रंग चटकन कळायचा, लाल जवळजवळ कळायचाच नाही. म्हणजे आभाळ पांढरंफटक, हिरवंगार भात काळपट, आणि आईचं लालभडक कुंकू चक्क काळं.

मराठीच्या तासाला आपण चित्रवर्णन लिहितो. "चित्रात एक झाड आहे. झाडाखाली एक माणूस आहे." हे तर डोळ्यांना दिसतंच! जुना फोटो समोर असेल तेव्हा मला वाटतं, न दिसणारं लिहावं. तो धूर म्हणजे कोण होतं? पळत कुठे निघालं होतं? "हलू नका" म्हटल्यावर आजोबांच्या नाकावर माशी बसली, तेव्हा त्यांनी काय केलं? कुंकवाचा लाल, भाताचा हिरवा परत भरायचा, तो शब्दांनीच.

आणि फोटोवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका हं. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ साली मुंबईतल्या लोकांच्या फोटोंचं पुस्तक काढलं. त्यात माणसं एकीकडे टिपलेली, मागचा देखावा दुसरीकडचा, आणि दोन्ही जोडलेले!

घरी ट्रंकेत एखादा जुना फोटो असेलच. कडेनं धरा, बोटांच्या घामाने डाग पडतात. मागे तारीख आहे का बघा. मग आजीजवळ बसा आणि विचारा, "हा फोटो काढला तेव्हा बाहेर कोण उभं होतं?" ती सांगेल ते लगेच वहीत उतरवा. तिथूनच तुमची गोष्ट सुरू करा.