गोठ्याच्या दारातली गाडी

दहा म्हशींचा गोठा रोज किती वजन हलवतो, याचा हिशोब एकदा मांडून पाहावा. दुभत्या म्हशीला दिवसाला वीस-पंचवीस किलो ओला चारा लागतो, पाच-सहा किलो पेंढा किंवा कडबा लागतो, वर पेंड-भुशाचा खुराक. तेवढंच, वीस-पंचवीस किलो, शेण ती परत देते. वर दूध. सगळं मिळून अर्ध्या टनाहून जास्त माल रोज उचलायचा, न्यायचा, ओतायचा. दिवाळी असो, घरात लग्न असो की पावसाने सगळं ठप्प केलेलं असो, या कामाला सुट्टी नाही. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवली ओलांडून मुरबाड-शहापूरपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या सत्तर वर्षांत हे वजन कोणी वाहिलं, कोणत्या गाडीने वाहिलं आणि कोणत्या गाडीला ते जमलं नाही, त्याचा हा मागोवा आहे.

सुरुवातीला गाडी आणि जनावर एकाच गोठ्यात बांधलेले असत. मुंबईच्या तबेल्यांना आणि टांग्याच्या घोड्यांना ठाणे जिल्ह्यातलं गवत लागे. डोंगरउतारावर वाढलेलं हे गवत कापून, वाळवून, दाबून गासड्या बांधत आणि वखारीतून रेल्वेने पाठवत. गावातून वखारीपर्यंत ते बैलगाडीने येई. पुढे लाकडी चाकांच्या जागी हवेचे टायर आले आणि ‘डनलॉप’ची गाडी दारोदार दिसू लागली. बैलगाडीचं मोठेपण वेगात नव्हतं. खळ्यातून गोठ्यात पेंढा, उकिरड्यावरून खाचरात शेणखत आणि बाजाराच्या दिवशी पेंडीची पोती, ही तिन्ही कामं ती एकटी करी. चिखलात तिचं चाक रुतलं तर बैल स्वतःचे पाय वापरून ते बाहेर काढत.

दुधाचा रस्ता मात्र वेगळा होता. सायकलच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून गवळी स्टेशन गाठत, पुढे लोकलच्या मालडब्यातून दूध मुंबईला जाई. कल्याणच्या जुन्या वस्तीतला दूध नाका आजही त्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे शेणाची-चाऱ्याची गाडी एक आणि दुधाची दुसरी, अशी विभागणी त्या काळात आपोआप झाली होती. स्वच्छतेच्या दृष्टीने ती शहाणपणाची होती आणि पुढे आपण ती मोडली, याचं मला फार वाईट वाटतं.

१९४९ मध्ये सरकारने गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभारली. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने शहरातल्या म्हशी एका जागी आणण्याचा तो प्रयत्न होता. पुढे मुंबईतले तबेले दापचरीला हलवण्याच्या योजना आल्या. तरीही ठाणे-कल्याणच्या खाडीकाठी, डोंबिवलीच्या आसपासच्या आगरी गावांत, नेवाळी आणि हाजी मलंगच्या पायथ्याशी गोठे राहिले. गिऱ्हाईक जवळ होतं आणि रतीब घरपोच द्यायचा होता.

दुधाला इंजिन मिळालं ते चाऱ्याच्या बरंच आधी. राजदूत मोटारसायकल आणि नंतर बजाजची एम-८० ही गवळ्यांची खरी पसंती ठरली. दोन कॅन लटकवा, पाय टेकवत गल्लीत शिरा, बिघडली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक दुरुस्त करेल. तीनचाकी टेम्पो आला, १९९० नंतर डिझेल तीनचाकींची रेलचेल झाली, बारामतीत बनणारी पियाजिओची आपे आली. या गाड्यांनी पेंडीची पोती दारात आणून टाकली, पण डांबर संपलं की त्या थांबत. पुढचं एकच चाक पावसाळी चिखलात नांगरासारखं घुसतं, हे ज्याने एकदा पाहिलं तो गोठ्याच्या कामाला तीनचाकी घेत नाही.

याच काळात डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरच्या कारखान्यात प्यूजो ३०९ मोटारी बनत होत्या. कारखान्याच्या आसपासच्या गावांत खाचरं होती, गोठे होते. शेजारच्या शेतकऱ्याला लागणारी गाडी मात्र तिथे कधी बनली नाही. आज त्या जमिनीवर गृहसंकुलं उभी आहेत.

मग शहरच पसरलं. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महापालिका झाली. भोवतालची २७ गावं आधी आत घेतली, २००२ मध्ये वगळली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. या आत-बाहेरच्या खेळात खाचरं विकली जात राहिली. गोठा जागेवर राहिला आणि चारा दूर गेला. पूर्वी बांधावरचं गवत कापून आणलं जाई, तिथे आता पेंढा मुरबाड-शहापूरहून आणि कडबा माळशेज घाट उतरून येऊ लागला. कल्याणात गोविंदवाडी बायपास वर्षानुवर्षं रखडला, त्यात तबेल्याच्या जागेचा प्रश्न होता. शहराला गोठा नको होता, दूध मात्र हवं होतं.

अशा वेळी मे २००५ मध्ये टाटांची एस आली. सातशे दोन सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाऊण टन भार, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ केलं आणि दोन-चार वर्षांत ती गोठ्यांच्या दारात उभी राहिली. नंतर महिंद्राची जीतो आणि इतर गाड्या त्याच वाटेने आल्या. गोठेवाल्याच्या दृष्टीने एस हा मोठा दिलासा होता यात शंका नाही. तीनचाकीपेक्षा स्थिर, अरुंद गल्लीत वळणारी, कर्जावर मिळणारी.

तरी ती गोठ्यासाठी बनलेली नव्हती. पेंढा हलका असतो पण जागा खातो, त्यामुळे भार सहन करण्याच्या क्षमतेपेक्षा हौद्याची लांबी-रुंदी महत्त्वाची ठरते. शेण आणि मूत्र पत्र्याला खातं. हौदा रोज धुतला नाही तर काही पावसाळ्यांत तळ चाळणी होतो. ओढणारी चाकं मागची, त्यामुळे रिकामी गाडी ओल्या मातीत जागच्या जागी फिरते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सकाळी दुधाचे कॅन आणि दुपारी शेणखत एकाच हौद्यात जाऊ लागलं.

पण खरं नुकसान वेगळंच झालं आणि त्याची नोंद फारशी कुणी घेतली नाही. बैल गेले तशी खाचर ते गोठा या वाटेवरची गाडीच नाहीशी झाली. नवी प्रत्येक गाडी रस्त्यासाठी निवडली गेली. रस्त्यापासून गोठ्यापर्यंतचे, बांधापासून गव्हाणीपर्यंतचे शे-दोनशे मीटर तसेच राहिले, आणि ते चुंबळ ठेवून बाईच्या डोक्यावर गेले. मुरबाड-शहापूरकडे श्रावणात कुठल्याही सकाळी पाहा. पुरुष छोट्या हत्तीच्या स्टिअरिंगवर असतो आणि ओल्या गवताचा भारा घेऊन निसरड्या बांधावरून त्याची आई किंवा बायको चालत असते. शेणाच्या पाट्याही तीच उचलते. घरात लाखांची गाडी आली तरी तिच्या मानेवरचं ओझं एका किलोनेही कमी झालं नाही. गाडी निवडताना तिला कुणी विचारलंही नाही.

जगात इतरत्र नेमक्या याच तुकड्यासाठी गाड्या बनल्या. कावासाकीने १९८८ मध्ये ‘म्यूल’ आणली, जॉन डिअरने १९९२ मध्ये ‘गेटर’. दोन माणसांची जागा, मागे उलटता येणारा छोटा हौदा, जाड टायर, कमी वेग. न्यूझीलंडच्या दुग्धशेतीत चारचाकी क्वाड बाईक घरोघरी पोचली, पण उतारावर उलटून तिने माणसंही मारली. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२१ पासून नव्या क्वाड बाईकला चालकाला वाचवणारी कमान बसवणं सक्तीचं केलं. मोठ्या फार्महाउसवर क्वाड बाईक मिरवताना पाहून गोठ्यासाठी ती घ्यावीशी वाटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. शिवाय अशा बहुतेक गाड्यांची आपल्याकडे रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. गोठा आणि शेत यांच्यामध्ये पन्नास मीटर डांबरी रस्ता असला तरी तो बेकायदा ओलांडावा लागतो. पोलारिसने नंतर एक क्वाड ट्रॅक्टर म्हणून नोंदवून विकायला काढली, पण आठ लाखांच्या घरातली ती किंमत दूधवाल्याला परवडणारी नव्हती.

भारतात या प्रश्नाच्या सर्वांत जवळ पोचली ती मल्टिक्स. आयशर आणि पोलारिस यांनी मिळून जयपूरच्या कारखान्यात २०१५ मध्ये ती बनवली. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, जमिनीपासून चांगली उंची, खड्ड्यात प्रत्येक चाक स्वतंत्र खाली-वर होईल अशी रचना, मागे सामानाला मोठी जागा आणि तीन किलोवॉट वीज बाहेर देण्याची सोय. वीज गेली असताना या विजेवर कडबाकुट्टी यंत्र चालू शकलं असतं. ही कल्पना गोठ्याच्या किती कामाची होती हे गोठेवालाच सांगू शकतो. पण ती चारही चाकांनी ओढणारी नव्हती. कुटुंबाची गाडी की कामाची गाडी, हे गिऱ्हाइकाला नीट समजलं नाही, आणि विक्री जमली नाही. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू व्हायचे होते. त्याआधीच, मार्च २०१८ मध्ये, कंपनीने काम थांबवलं. चांगली कल्पना तीन वर्षांत गुंडाळली गेली आणि तिची जागा घ्यायला कुणी आलं नाही.

दरम्यान उत्तर दुसऱ्या बाजूने येत होतं. भाताच्या लावणीसाठी कोकणात पॉवर टिलर आले. मागे छोटी ट्रॉली जोडली की तो खाचरातून शेणखत वाहतो. २०१० नंतर महिंद्राच्या १५ अश्वशक्तीच्या ‘युवराज’सारखे छोटे ट्रॅक्टर आले, व्हीएसटी आणि कुबोटा यांचे चारही चाकं ओढणारे छोटे ट्रॅक्टरही मिळू लागले. अवजार म्हणून त्यांच्याकडे पाहिलं जातं, गाडी म्हणून नाही. पण बैलगाडीची खरी वारस ही यंत्रंच आहेत.

जनावर वाहून न्यायचं काम या सगळ्यातून वेगळं काढायला हवं. पाचशे किलोची म्हैस छोट्या टेम्पोत उभी करून वळण घेणं म्हणजे दोघांच्याही जिवाशी खेळ आहे. नियमाप्रमाणे गाय-म्हशीला प्रत्येकी दोन चौरस मीटर जागा आणि स्वतंत्र कप्पा लागतो. म्हसाच्या यात्रेतून जनावर आणायचं असो की भाकड म्हैस गावी पाठवायची असो, त्यासाठी पिकअप भाड्याने घ्यावी. वर्षातून दोन-चार वेळा लागणाऱ्या कामासाठी मोठी गाडी विकत घेऊ नये.

इलेक्ट्रिक मालवाहू तीनचाकी आणि एसचा विजेवरचा अवतार आता रस्त्यावर आहेत. पहाटेच्या रतीबाला त्या छान शोभतात. ठरलेला मार्ग, थोडं अंतर, गल्लीत आवाज नाही. शेणाच्या कामाला मी त्या सुचवणार नाही.

कल्याण, अंबरनाथ, मुरबाड किंवा शहापूर तालुक्यात आठ-दहा म्हशींच्या गोठ्यासाठी कुणी आज गाडी शोधत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. पहिले पैसे गाडीवर नव्हे, गोठ्यापासून खाचरापर्यंत मुरूम टाकून सहा-सात फुटी वाट करण्यावर घाला. मग पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा, चारही चाकं ओढणारा छोटा ट्रॅक्टर आणि उलटता येणारी ट्रॉली घ्या. कडबाकुट्टीही त्याच्यावर चालेल. तीन-चार म्हशी असतील तर शेजाऱ्यांसोबत एक पॉवर टिलर पुरे. दुधासाठी वेगळी, जुनी चालेल पण स्वच्छ गाडी ठेवा आणि तिच्यात शेणाची पाटी कधीही ठेवू नका. गाडी पाहायला जाल तेव्हा उन्हाळ्यात जाऊ नका, आषाढात जा. भरलेली ट्रॉली घेऊन ती आपल्याच बांधावरून चालवून दाखवा म्हणा. आणि रोज भारा उचलणाऱ्या घरातल्या बाईला सोबत न्या. पसंती तिची असू द्या.