ह्यांचा रिपोर्ट

कोल्हापुरातल्या एका वंध्यत्व केंद्राचा दुसरा मजला. अकरा वाजताहेत आणि बाकड्यांवर जागा नाही. जवळजवळ प्रत्येक जोडप्याबरोबर तिसरं माणूस आहे: सासू, नणंद, नाहीतर मावशी. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही, पण शेजारणीची फाईल केवढी जाड आहे यावर सगळ्या बायकांचा डोळा आहे.

समोरच्या जोडप्यानं "बसा की" म्हटलंय, म्हणून मी डॉक्टरांच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आहे. लग्नाला पाच वर्षं झालीत. ती कापडी पिशवीतून फाईल काढते. थायरॉईड, एएमएच, फॉलिक्युलर स्टडीचे कागद, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बीण टाकून केलेली तपासणी. डॉक्टर पानं उलटत जातात. "नळ्या मोकळ्या आहेत. टीबीचं काही दिसत नाही. अंडं वेळेवर तयार होतंय." शेवटचं पान येतं. "आणि ह्यांचा रिपोर्ट?"

"ह्याचा कशाला?" दारात उभ्या सासूबाई विचारतात. "आमचा पोरगा ठणठणीत हाय."

पोरगा शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीवर आहे. दंड बघितले तर ठणठणीतच. पण मूल होत नसलेल्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाचाही वाटा असतो, कधी एकट्याचा, कधी बायकोच्या जोडीनं. त्याची पहिली तपासणी सगळ्यांत स्वस्त, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. तरी ती सगळ्यांत शेवटी. दुर्बिणीसाठी सुनेला भूल द्यायला तयार असलेलं घर मुलाच्या हातात एक डबी द्यायला तयार नसतं.

आज तो डबी घेतो आणि मान खाली घालून पॅसेजच्या टोकाच्या खोलीकडं जातो.

लॅबमध्ये नमुना पातळ व्हायला अर्धा तास ठेवलाय. मग टेक्निशियनबाई एक थेंब काचेवर घेतात, मोजतात आणि मला बघायला बोलावतात. चौकटीच्या रेषांमध्ये बरीच जागा मोकळीच. एक शुक्राणू सरळ रेषेत सुसाट जातो. दोघांच्या शेपट्या वळवळतात, पण ते जागचे हलत नाहीत. एकाचं डोकं फुगलेलं. "मिलीलिटरला निदान १ कोटी ६० लाख पाहिजेत," बाई म्हणतात. "इथं ५० लाखाच्या आसपास भरतील. त्यातही पळणारे थोडेच."

डॉक्टर त्याला पडद्याआड उभं करून तपासतात. डाव्या अंडकोशाच्या वरच्या शिरा फुगल्यात, व्हेरिकोसील. "एका रिपोर्टवर ठरवायचं नसतं. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात. तीन महिन्यांनी परत बघू. तोवर तंबाखू बंद. भट्टीची ड्युटी बदलून मिळते का, विचारा. उष्णता तिथं बरी नाही."

"आणि नाहीच वाढलं तर?"

"शिरांचं ऑपरेशन आहे. त्यानंही जमलं नाही तर इक्सी. एकच शुक्राणू बारीक सुईनं थेट अंड्यात सोडायचा."

तो बायकोकडं बघतो, मग आवाज खाली आणतो. "कुणाचा?"

"तुमचाच."

"म्हंजे टेस्ट ट्यूब."

१९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या देखरेखीखाली असं बाळ जन्माला आलं, त्याला आता किती वर्षं झाली! तरी हा माणूस ते नाव घेताना दाराकडं बघून घेतो.

बायको इतका वेळ गप्प आहे. आता ती विचारते, "मग माझी इंजेक्शनं?"

"सध्या बंद."

ती गोळ्या-इंजेक्शनांची चिठ्ठी फाईलमधून काढते, चार घड्या घालून पर्समध्ये टाकते. फाईल या वेळी तो उचलतो.

बाहेर सासूबाई उठून उभ्या राहतात. "काय म्हणाले?"

"मलाच औषध चालू केलंय, आई. तंबाखू सोडायला सांगितलीया."

"ते ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणतात आणि सुनेकडं वळतात. "तुझं काय निघालं?"