स्कॅन झालं, पुढे काय?

जुन्या चित्रपटाचं डिजिटायझेशन झाल्याची बातमी आली की आपल्याला हायसं वाटतं. पण ती फाइल ठेवली कुठे आणि दहा वर्षांनी तिचा खर्च कोण करणार, हे कुणी विचारत नाही.

हिशेब मांडून बघा. 35 मिमी फिल्मची एक फ्रेम 4के दर्जाने पूर्ण स्कॅन केली की 4096 गुणिले 3112, म्हणजे सव्वा कोटीहून जास्त बिंदू मिळतात. 10 बिटच्या डीपीएक्स फाइलमध्ये त्यांना सुमारे 51 एमबी जागा लागते. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर दोन तासांच्या चित्रपटात 1,72,800 फ्रेम होतात. एकूण झाले जवळपास 8.8 टेराबाइट! थिएटरात जाते ती प्रत दोन-अडीचशे जीबीत मावते, कारण ती दाबून लहान केलेली असते. दाखवायला ती पुरे, जपायला नाही. त्यात मूळ स्कॅन वेगळा आणि ओरखडे-डाग काढलेली आवृत्ती वेगळी. दोन्हींच्या तीन-तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात, असं केलं की एकच चित्रपट पन्नास टेराबाइट ओलांडतो.

हे सगळं सहसा एलटीओ नावाच्या चुंबकीय टेपवर ठेवतात. नवव्या पिढीच्या एका टेपवर 18 टेराबाइट मावतात. पण त्या पिढीचं यंत्र फक्त आपली आणि आठवी पिढीच वाचतं. त्यामुळे टेप शाबूत असली तरी काही वर्षांनी सगळा साठा नव्या टेपवर उतरवावा लागतो. मधल्या काळात एखादा बिट तर बिघडला नाही ना, हेही तपासत राहावं लागतं. अमेरिकेतल्या ऑस्कर अकादमीने 2007 साली एका चित्रपटाच्या साठवणीचा वार्षिक खर्च काढला होता. फिल्मचा मास्टर ठेवायला 1,059 डॉलर आणि 4के डिजिटल मास्टरला 12,514 डॉलर. साठवण तेव्हापासून स्वस्त झाली आहे, पण प्रती पुढे नेण्याचं काम संपलेलं नाही.

म्हणूनच स्कॅन झालं की रीळ टाकून देणं हा मला गुन्हा वाटतो. थंड, कोरड्या जागी फिल्म शंभर वर्षं टिकू शकते, आणि ती पाहायला उजेड आणि भिंग पुरतं. अर्थात फिल्मलाही धोके आहेतच. 2003 साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि मूकपटांच्या काळातला अमोल ठेवा जळून गेला. तेव्हा दोन्ही हवं, आणि स्कॅनिंगच्या निधीसोबत साठवणीची दरवर्षीची तरतूदही हवी.

तुमच्या गावातल्या बंद टॉकीजमध्ये किंवा घराच्या माळ्यावर जुनी रिळं असतील, तर ती भंगारात देऊ नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.