कार्ब्युरेटर की इंजेक्शन?

पुष्कळ घरांत वडिलांच्या वेळची एखादी मोटार अजून जपून ठेवलेली असते. ती प्रीमिअर पद्मिनी असेल, नाहीतर आरंभीच्या काळातील मारुती ८०० असेल. ग्वाल्हेरच्या जानेवारीत चोक ओढल्यावाचून ती जागी होत नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात एकदा थांबविली की पुन्हा सुरू होण्यास कुरकुरते. मग कोणी स्नेही सल्ला देतो, “तो जुना कार्ब्युरेटर काढा आणि इंजेक्शन बसवून घ्या.” हा सल्ला मानावा काय, याचा आज विचार करू.

दोन्ही साधनांचे काम एकच, हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळणे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. कार्ब्युरेटर हे काम अत्तराच्या फवाऱ्याप्रमाणे करतो. अरुंद गळ्यातून हवा जाताना तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि शेजारच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून तुषाररूपाने ओढले जाते. विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १८९३ मध्ये या तत्त्वाला व्यवहार्य रूप दिले. विजेवाचून आणि गणकयंत्रावाचून चालणारी ही युक्ती खरोखर कौतुकास्पद आहे.

परंतु जेटचे छिद्र ठराविक मापाचे असते. पणजीहून चोर्ला घाट चढून बेळगावास यावे, तर सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर हवा विरळ होते. मिश्रणात पेट्रोल किंचित अधिक पडते आणि त्याची दखल कार्ब्युरेटर घेत नाही. उन्हाळ्यात तापलेल्या इंजिनाशेजारी वाटीतील पेट्रोलची वाफ होते, ती अडचण निराळीच.

इंजेक्शनमध्ये हवा, उष्णता व इंजिनाचा वेग यांची मोजणी होऊन पेट्रोलची मात्रा ठरते, आणि सेकंदाच्या काही सहस्रांश काळापुरते तोंड उघडून ती फवारली जाते. धुरातील प्राणवायू मोजून चूक तत्काळ सुधारली जाते. १९६७ मध्ये बॉश कंपनीची विद्युत्-नियंत्रित पद्धती फोक्सवॅगनच्या मोटारीत आली. आपल्याकडे प्रदूषणाचे नियम कडक झाले, तेव्हा २००० च्या सुमारास मारुती ८०० नेही इंजेक्शन स्वीकारले. कारण धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र अचूक मिश्रणावरच नीट काम करते. म्हणून रोजच्या वापरासाठी इंजेक्शनच श्रेष्ठ, याविषयी शंका नको.

मग जुन्या गाडीत ते का बसवू नये? येथे सावधगिरी हवी. कार्ब्युरेटरला पेट्रोल पुरविणाऱ्या पंपाचा दाब अगदी अल्प असतो. इंजेक्शनला त्याच्या दहा-बारा पट दाब लागतो. जुन्या रबरी नळ्या तशाच ठेवून नवा पंप जोडला, तर एखादी नळी फुटून पेट्रोल तापलेल्या लोखंडावर उडेल, आणि गाडीसह माणसांच्या जिवावर बेतेल. पंप, नळ्या, गाळणी, टाकीकडे परतीची वाट आणि भरवशाचा वीजपुरवठा हे सारे बदलावयाचे नसेल, तर अर्धवट इंजेक्शन बसविण्याच्या फंदात पडू नये. शिवाय वाटेत बिघाड झाल्यास कार्ब्युरेटर खेड्यातील मेस्त्रीही पेचकसाने साफ करू शकतो. इंजेक्शनचा दोष शोधण्यास बहुधा उपकरण लागते.

म्हणून आधी रोगाचे निदान करावे. प्लग, पॉइंट, बॅटरी व चोकची तार तपासावी. पुष्कळदा दोष तेथेच सापडतो आणि कार्ब्युरेटर उगाच बदनाम होतो. २०२५ पासून पंपांवर सामान्यतः वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमुळे जुने रबर फुगते व चिरते. म्हणून नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील रबरी भाग इथेनॉल सोसणारे बसवून घ्यावेत. अशा पेट्रोलने मिश्रण थोडे पातळ होते, तेव्हा जाणत्या मेस्त्रीकडून जेटही तपासून घ्यावा.

तात्पर्य, रोज कामावर जाण्यास गाडी हवी असेल, तर मुळातच इंजेक्शन असलेली गाडी घ्यावी. आणि वडिलांची गाडी सणावारी बाहेर काढावयाची असेल, तर तिचा कार्ब्युरेटर स्वच्छ करून तिच्यातच राहू द्यावा.