कारागीर स्त्रीची दुहेरी अडचण आणि मालकाची जबाबदारी

हात बसलेली कारागीर बाई सणाच्या तोंडावर अचानक काम सोडते, तेव्हा "घरची अडचण असेल" असे म्हणून मालक मोकळा होतो. घरची अडचण असतेही. परंतु पुष्कळदा अडचण कारखान्यातच असते, माल मोजून घेणाऱ्याच्या टेबलापाशी. मुकादम नको ते बोलतो, पैसे देताना हात धरतो आणि बाईने तोंड उघडले की दुसऱ्या दिवसापासून तिचा माल नापास होऊ लागतो. विडीच्या धंद्यात याला छाट म्हणतात, भरतकामात रिजेक्ट. शब्द कोणताही असो, मोजणाऱ्याच्या बोटांत तिची मजुरी असते.

यात आणखी एक पदर आहे. "बुरखेवालीला हिशोब काय कळतो" असे म्हणणारा माणूस एका वाक्यात तिला बाई म्हणून, मुसलमान म्हणून आणि गरीब म्हणूनही हिणवतो. मग तक्रार नेमकी कशाची मानायची? हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असे नाही.

अमेरिकेत जनरल मोटर्स या मोटार कंपनीविरुद्ध पाच काळ्या स्त्रिया कोर्टात गेल्या होत्या. कंपनीने १९६४ पूर्वी काळ्या स्त्रियांना घेतलेच नव्हते. पुढे मंदी आली तेव्हा "शेवटी आलेला आधी जाईल" या नियमाने १९७० नंतर लागलेल्या सर्व काळ्या स्त्रियांची नोकरी गेली. १९७६ मध्ये कोर्टाने सांगितले की वर्णाची तक्रार करा किंवा स्त्री म्हणून करा, दोन्ही एकत्र करून नवीन दावा उभा करता येणार नाही. कंपनीत गोऱ्या स्त्रिया होत्या, म्हणून स्त्रियांवर अन्याय दिसत नव्हता. काळे पुरुषही कामावर घेतले जात होते. मधल्या मध्ये या पाच जणी कुणालाच दिसल्या नाहीत. कायद्याच्या प्राध्यापिका किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये याच खटल्याच्या आधारे चौकाचा दाखला दिला: चौकात उभ्या असलेल्याला धक्का कोणत्याही रस्त्याने बसू शकतो, कधी दोन्हींकडून एकदम. या विचाराला इंग्रजीत इंटरसेक्शनॅलिटी म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या मोहल्ल्यातील कोणत्याही कामकरी बाईला समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्या देशातील कायद्याची सुरुवातही अशाच चौकातून झाली. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी कुंभार समाजाच्या, आणि शासनाच्या योजनेत गावपातळीवर काम करणाऱ्या. बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये गावातील वरचढ जातीच्या पुरुषांनी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केल्याची त्यांची फिर्याद होती. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. स्त्री संघटना त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, १९९७ मध्ये विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला.

हा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे, असा आपल्या बऱ्याच व्यापारी बंधूंचा समज आहे. तो चुकीचा आहे. दहा किंवा अधिक माणसे असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. अध्यक्ष स्त्री, निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नेमली नाही तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा तोच गुन्हा घडला तर परवानाही जाऊ शकतो. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. "ती ठेकेदाराची बाई, आमच्या मस्टरवर नाही" हे उत्तर चालत नाही. ठेकेदारामार्फत आलेली बाई कायद्यात बसते. आणि पीडित स्त्री नोकरीत असलीच पाहिजे अशीही अट नाही. घरी बसून नगावर काम करणारी बाई माल द्यायला आली आणि तिथे तिचा छळ झाला, तरी कायदा लागू होतो.

याच स्थानिक समितीबद्दलची एक तरतूद फारशी कुणी सांगत नाही. समितीवर घेतलेल्या सामाजिक संस्थांच्या प्रतिनिधींपैकी किमान एक जण अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अधिसूचित अल्पसंख्याक समाजातील स्त्री असली पाहिजे. म्हणजे चौकात उभ्या असलेल्या बाईचा विचार कायदा करणाऱ्यांनी थोडाफार केला आहे. आपल्या जिल्ह्याच्या समितीवर अशी कोण आहे, हे आपल्या व्यापारी संघटनांनी कलेक्टर कचेरीत जाऊन विचारायला काय हरकत आहे? अंमलबजावणीत गंभीर त्रुटी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका प्रकरणात २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, तेव्हा विचारणे भागच आहे.

आता आपल्या नेहमीच्या रीतीबद्दल. तक्रार आली की मालक बाईच्या नवऱ्याला किंवा भावाला बोलावतो, "इज्जतीचा प्रश्न आहे, आपसात मिटवा" म्हणतो आणि काहीतरी रक्कम पुढे करतो. मुकादम टिकतो, बाई घरी बसते. यात मालकाचा हेतू वाईट नसेलही. पण कायद्याने तक्रार आणि नावे गुप्त ठेवायची असतात, समेट फक्त बाईने मागितला तरच होतो, आणि पैसा हा त्या समेटाचा आधार होऊ शकत नाही. बदली करायची तर मुकादमाची मोजणीवरून करावी.

आमच्या मते निम्मा उपाय मोजणीच्या टेबलावरच आहे. माल घेताना दोन माणसे असावीत, त्यांत एक जाणती बाई. किती नग घेतले आणि किती कोणत्या कारणाने परत केले, हे बाईच्या पावतीवर लिहावे. तक्रारीनंतर तिचे काम घटले का, हे मालकाने स्वतः वही उघडून पाहावे. खर्च काहीच नाही.

तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत करायची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची असते. जिला लिहिता येत नाही, तिची तक्रार लिहून घ्यायला मदत करणे हे समितीचेच काम आहे.