कापड्याचं पाणी, वेळासची वाळू

पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याहून समुद्र दिसत नाही. आजूबाजूला डोंगर, खाली भाताची खाचरं, आणि जुलै लागला की दरडींची धास्ती. तरीही मे सरत आला की घरोघरी आगोटीची बेगमी सुरू होते. जवळा, सुकट, बोंबील, सोडे उन्हं दाखवून डब्यांत भरले जातात आणि भरपावसात भाजी मिळेनाशी झाली की हाच समुद्र चुलीवर चढतो. पाण्याची वाट याच्या उलटी. कापड्याच्या शिवारातलं पाणी सावित्रीला मिळतं आणि महाबळेश्वरहून उतरलेली सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते.

या खाडीच्या तोंडाशी रायगड आणि रत्नागिरी जिल्हे समोरासमोर उभे आहेत. अलीकडे हरिहरेश्वर, पलीकडे बाणकोटचा किल्ला, मधे बागमांडला ते वेसवी अशी फेरीबोट. बाणकोटच्या पुढे वेळास लागतं. नाना फडणविसांचं गाव म्हणून त्याची ओळख जुनी आहे. अलीकडच्या वीसेक वर्षांत मात्र लोक तिथे कासवं बघायला जातात.

त्याची सुरुवात झाली समुद्रगरुडामुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली किनाऱ्यावर समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करत होते. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. चौकशी केल्यावर कळलं की इथे कासवं येतात हे गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, फक्त ती अंडी माणसं आणि कोल्ही-कुत्री पळवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना सर्वांत वरच्या परिशिष्टात जागा दिली होती, पण परिशिष्ट काही रात्री किनाऱ्यावर राखणीला बसत नाही. संस्थेने गावातल्याच माणसांना ‘कासवमित्र’ म्हणून कामाला लावलं. पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली.

हे काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. थंडीच्या दिवसांत, तांबडं फुटायच्या आत, कासवमित्र हातात काठी आणि विजेरी घेऊन किनारा चालायला लागतो. त्याची नजर मागावर असते. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री वर आली असेल तर वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखी नक्षी उमटलेली दिसते. माग जिथे वळतो तिथे तो काठी हलकेच टोचून बघतो. वाळू भुसभुशीत लागली की खाली घरटं. मग हाताने उकरायचं, पिंगपाँगच्या चेंडूएवढी शंभर-सव्वाशे अंडी एकेक करून काढायची, ती फिरणार-उलटणार नाहीत याची काळजी घ्यायची, आणि कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा, तळाला फुगीर असा माठासारखा खड्डा करून पुन्हा पुरायची. शेजारी तारखेची पाटी. पन्नासेक दिवसांनी वाळू खचते आणि पिल्लं वर येतात. अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या वाढतात. तेव्हा कासवमित्राच्या वहीतली तारीख, अंड्यांची संख्या आणि तापमान या नोंदी हवामानाच्या अभ्यासकालाही लागतात. संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट येतो. इथे पहिला संशोधक गुडघ्यापर्यंत पँट दुमडून वाळूत बसलेला असतो.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे हॉटेलात नाही, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, उकडीचे मोदक खातात, पहाटे पिल्लं बघतात. हंगामात घरात चार पैसे येऊ लागले तशी अंड्यांची चोरी आटली. उपदेशापेक्षा हा हिशेब लवकर पटला, आणि त्यात गावाला कमीपणा काही नाही.

गावाची राखण झाली, तरी एका प्रश्नाचं उत्तर गावाकडे नव्हतं. अंडी घालून ही कासवं जातात कुठे? एकट्या संस्थेला किंवा एकट्या वनखात्यालाही ते शोधणं जमण्यासारखं नव्हतं. राज्याच्या वनविभागाने २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन केला होता. त्या कक्षाचं कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था एकत्र आले. जानेवारी २०२२ मध्ये शास्त्रज्ञ डॉ. आर. सुरेश कुमार यांनी वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर चिकटवला. तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. पाठोपाठ आंजर्ल्याची ‘सावनी’, मग गुहागरच्या किनाऱ्यावर आणखी तीन. कासव श्वास घ्यायला वर आलं की यंत्र उपग्रहाला ठिकाण कळवतं. प्रथमा उत्तरेला गुजरातच्या दिशेने गेली. गुहागरच्या तिघींतली ‘लक्ष्मी’ मात्र महिन्याभरातच गप्प झाली. पुढच्या वर्षी गुहागरला ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ यांना यंत्रं बसवली. त्यांतली बागेश्री केरळ ओलांडून श्रीलंकेला वळसा घालत बंगालच्या उपसागरात शिरली.

याहून चकित करणारी गोष्ट २०२५ च्या जानेवारीत घडली, आणि तिला उपग्रह लागलाच नाही. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पुढच्या वल्ह्यावर धातूची बारीक पट्टी दिसली. क्रमांक ०३२३३. चौकशीत निघालं की भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर तिला ही पट्टी लावली होती. म्हणजे तिने किमान साडेतीन हजार किलोमीटर अंतर कापलं होतं. पूर्व किनाऱ्यावर विणीला गेलेली कासवं पश्चिमेकडेही विणीला येऊ शकतात, असं तोवर कुणी ठामपणे म्हणत नव्हतं. तिने घातलेल्या १२० अंड्यांतून १०७ पिल्लं निघाली. ओडिशात पट्टी ठोकणारा, कोकणात ती वाचणारा आणि दोघांच्या वह्या जुळवणारा, यांतला एक जरी कमी असता तरी हे कळलं नसतं.

आता पैशाची बाजू. ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर कासवंही अडकतात आणि श्वास कोंडून मरतात. कासव बाहेर पडण्याची सोय जाळ्यात नाही, या कारणाने अमेरिकेने २०१९ साली भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. तळ्यातल्या कोळंबीला बंदी नव्हती, पण खोल समुद्रात जाणाऱ्याच्या पोटावर पाय आलाच. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कासव सुटून जाईल अशी चौकट बसवलेली जाळी बनवून बोटींवर तपासली आहेत. मच्छीमाराची शंका मात्र रास्त असते, की कासवाबरोबर कोळंबीही निसटली तर? तो समाधानी होईल अशी चौकट बोटीवरच, त्याच्या डोळ्यांदेखत ठरते. प्रयोगशाळेतून पाठवलेली चौकट बंदरात गंजत पडते.

महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये एक साधी युक्ती केली. जाळ्यात कासव, बहिरी मासा (व्हेल शार्क), डॉल्फिन असं काही संरक्षित सापडलं आणि मच्छीमाराने जाळं कापून ते सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुराव्यासाठी सोडतानाचे फोटो द्यायचे. त्या फोटोंतून आपोआप नोंदवही तयार होत गेली. कुठल्या बंदरासमोर कोणता प्राणी सापडतो याची अशी माहिती एरवी भाड्याची बोट घेऊन वर्षानुवर्षं फिरूनही मिळाली नसती.

मासळीच्या आकाराचा प्रश्नही असाच सोडवावा लागला. जाळं ओढलं की त्याचे चौकटच्या एक्क्यासारखे डोळे मिटतात आणि अंगठ्याएवढी पिल्लंही आत राहतात. चौकोनी डोळे उघडे राहतात. सिंधुदुर्गात केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम (यूएनडीपी) यांच्या प्रकल्पात मच्छीमारांना ४० मिलिमीटरची अशी चौकोनी जाळी दिली गेली. पुढे केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीची पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी राज्यमासा म्हणून जाहीर झालेल्या पापलेटाला किमान १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८०, सुरमईला ३७०. नियम चांगला आहे. पण लिलावाच्या गर्दीत पट्टी घेऊन कोण उभं राहणार, हे कागदावर लिहिलेलं नाही.

राहिला प्रश्न सावित्रीच्या वरच्या अंगाचा. समुद्राच्या अभ्यासात वेळास आहे, गुहागर आहे, वेंगुर्लं आहे. महाड-पोलादपूर फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. खरं तर २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं आणि तळियेत, पोलादपूरच्या केवनाळे-सुतारवाडीत डोंगर खाली आले, तेव्हा त्या मातीतली बरीचशी याच नदीने पुढे नेली. महाडच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी आणि बाजारपेठेतलं प्लॅस्टिक यांची वाटही तीच. महाडजवळच्या सावित्रीत मगरी आहेत आणि संशोधकांनी त्यांची मोजदादही केली आहे. नदीत मगरींची आणि खाडीच्या तोंडाशी कासवांची नोंद होते. मधल्या टप्प्यात खाडी किती गाळ गिळते आणि मासळी कुठे अंडी घालते, हे भोयांना आणि हातपाटीने वाळू काढणाऱ्यांना बरंच ठाऊक असतं. त्यांच्यापर्यंत वही घेऊन कुणीतरी गेलं पाहिजे. शाळा-कॉलेजची मुलं हे करू शकतात. नदीच्या पाण्याचा गढूळपणा मोजायला डबीएवढं साहित्य लागतं, आणि वेळासच्या किनाऱ्यावरही सुरुवातीला काठी आणि वही एवढंच होतं.

तोवर प्रत्येकाला करण्यासारखं एक काम आहे. महाडच्या बाजारात पापलेट घ्यायला जाल तेव्हा शाळेची सहा इंची पट्टी पिशवीत टाका. १३५ मिलिमीटर म्हणजे सव्वापाच इंचांहून किंचित जास्त. त्याहून छोटं पापलेट पाटीत दिसलं तर घेऊ नका, आणि का घेत नाही ते मासळीवालीला सांगा.